अख्खा तालुका म्हणतोय

माझी तक्रार तीन शब्दांबद्दल आहे : अख्खा तालुका म्हणतोय. हे शब्द मला पिठाच्या गिरणीत ऐकावे लागतात, नारायणगावच्या एसटी स्टँडवर ऐकावे लागतात, लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पाटावरून ऐकावे लागतात. मी काही विचारलं, साधं ‘कुणी पाहिलं?’ एवढंच विचारलं, तरी उत्तर ठरलेलं असतं. ‘बाई, अख्खा तालुका काय येडा आहे का?’ तिथे बोलणं संपतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. पहिल्या बाकावरच्या मुलाचं गणित चुकलं आणि मागच्यांनी त्याचं पाहून उतरवलं की अख्ख्या वर्गाचं उत्तर एकच येतं आणि अख्ख्या वर्गाचं चुकतं. तेव्हा मी सगळ्यांच्या वह्यांवर फुली मारायची. गिरणीत फुली मारता येत नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आमच्याकडे, म्हणजे जुन्नर-आंबेगावच्या बागायती पट्ट्यात, अख्ख्या तालुक्याचं सगळ्यात पक्कं म्हणणं बिबट्याबद्दल आहे. इथले वाघ (आम्ही बिबट्याला वाघच म्हणतो) इथले नाहीत, वनखात्याने बाहेरून आणून सोडले आहेत. कुणी म्हणतं बोरिवलीहून आणले, कुणी म्हणतं रात्री ट्रक भरून आले. पण सोडले, यावर कुणाचं दुमत नाही.

मागच्या हिवाळ्यात गिरणीवाल्यांनी मला सांगितलं, की परवा रात्री खात्याची गाडी आली, कॅनॉलच्या रस्त्याला तीन वाघ सोडले आणि गेली. मी विचारलं, कुणी पाहिलं? सगळ्यांनी, असं उत्तर आलं. या वेळी मी सोडायचं नाही असं ठरवलं. गिरणीवाल्यांना दूधवाल्याने सांगितलं होतं. दूधवाल्याने डेअरीवर ऐकलं होतं. डेअरीवर सांगणारा ट्रॅक्टरवाला होता, त्याला त्याच्या चुलतभावाने सांगितलं होतं. तो चुलतभाऊ कॅनॉलच्या कडेला मळ्यात राहतो. मी दुसऱ्या दिवशी त्याच्या मळ्यात गेले. माझाच जुना विद्यार्थी निघाला. त्याने चहा ठेवायला सांगितला आणि जे पाहिलं ते नीट सांगितलं. रात्री साडेनऊच्या सुमारास पिकअप आली. दोघांनी मागून पिंजरा खाली उतरवला. पिंजऱ्याच्या मागच्या कप्प्यात एक करडू होतं, ते ओरडत होतं. पिंजरा उसाच्या बांधाला लावून, वर पाचट टाकून गाडी निघून गेली. वाघ? ‘वाघ नव्हता बाई. पिंजरा रिकामाच होता की. वाघ धरायलाच आणला होता.’

तो पिंजरा आमच्याच गावाने मागितला होता. पंधरा दिवसांपूर्वी ग्रामसभेत तसा ठराव झाला होता आणि त्यावर गिरणीवाल्यांचीही सही होती. म्हणजे बोलणारी तोंडं चाळीस होती, पाहणारे डोळे दोन होते, आणि त्या दोन डोळ्यांनी पाहिलेलं चौथ्या तोंडाशी जाईपर्यंत उलटं झालं होतं. मी परत येऊन हे गिरणीत सांगितलं. गिरणीवाले ऐकून घेतात, माणूस भला आहे. त्यांनी पट्टा चालू केला आणि म्हणाले, ‘तुमचं असंल बी खरं बाई, पण अख्खा तालुका म्हणतोय.’

आपल्याकडे म्हण आहे, पाचामुखी परमेश्वर. ही म्हण मला प्रिय आहे आणि तिचा असा वापर झालेला मला सहन होत नाही. पाच माणसं बांधावर उभी राहून सांगतात, की हा दगड आमच्या लहानपणापासून इथेच आहे, तेव्हा त्या सांगण्याला वजन असतं. पाचांनी तो दगड वेगवेगळा, आपापल्या डोळ्यांनी पाहिलेला असतो. पाचवा जर पहिल्याचं ऐकून बोलत असेल तर ते मुख एकच, पाच वेळा उघडलेलं.

काही गोष्टी मात्र खरोखरच सगळ्यांच्या म्हणण्यानेच खऱ्या होतात. नारायणगावच्या उपबाजारात टोमॅटोच्या क्रेटला आज काय भाव, हे घेणाऱ्या-देणाऱ्यांच्या मान्यतेवरच ठरतं. सकाळी लिलावात जो फुटला तो भाव, त्याच्यामागे दडलेला दुसरा ‘खरा’ भाव कुठे नसतो. गावच्या यात्रेचा दिवस, मंचरच्या बाजाराचा वार, नोटेची किंमत हे सगळं मान्यतेवर उभं आहे. उद्या सगळ्यांनी मानायचं सोडलं तर ती नोट कागद होईल. आपण दिवसभर अशाच गोष्टींत वावरतो, म्हणून सगळंच असं चालतं असं वाटू लागतं. वाघ कुठे जन्मला, हे लिलावात ठरत नाही. तो जिथे जन्मला तिथे जन्मला. सगळ्या तालुक्याने एकमताने ठराव केला तरी त्याच्या आईने त्याला ज्या सरीत घातलं ती सरी बदलत नाही.

ती सरी मी पाहिली आहे. आमच्या शेजारच्या फडात ऊसतोड चालू होती. टोळी सकाळी धुक्यातच लागलेली. अर्धा फड पडल्यावर एका बाईचा कोयता थांबला. पाचटाच्या खळग्यात दोन पिल्लं होती, मांजराच्या पिल्लापेक्षा थोडी मोठी, डोळे नुकते उघडलेले, अंगाला पाचटाचा भुसा चिकटलेला. एक फिस्कारत होतं, दुसरं झोपलेलंच होतं. त्या बाईने टोळीतल्या पोरांना हात लावू दिला नाही. वनरक्षक आले, माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राचे लोक आले, डॉक्टरांनी पिल्लं तपासली. संध्याकाळी ती पिल्लं एका प्लास्टिकच्या क्रेटमध्ये घालून, त्याच जागी ठेवून, वर कॅमेरा लावून सगळे लांब गेले. टोमॅटोचाच क्रेट होता. रात्री आई आली. आधी क्रेटभोवती फिरली, मग पंजाने तो कलंडवला, एक पिल्लू मानेला धरून नेलं, काही वेळाने परत येऊन दुसरं नेलं. आमच्या भागात तोडणीच्या हंगामात असं दरवर्षी घडतं. ज्या उसात वाघीण विते, त्या उसात वाघ ट्रकने आणावा लागत नाही.

ऊसच मुळात कुठून आला ते माझ्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं आहे. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि आंबेगावातलं डिंभे अशी कुकडी प्रकल्पाची धरणं झाली. डिंभ्याच्या पाण्याखाली तर जुनं आंबेगाव गावच गेलं. कालवे आले, बाजरीच्या जागी ऊस आला. बारा-चौदा महिने उभं राहणारं, माणूस आत शिरत नाही असं, कडेला पाणी असलेलं पीक. त्यात वस्तीवरची कुत्री, शेळ्या, वासरं हाताशी. वाघाला याहून चांगलं रान सह्याद्रीत मिळालं नसतं. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतांत कॅमेरे लावून बिबटे मोजले. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात, त्यावरून तो ओळखता येतो. चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात अशा त्या भागात शंभर चौरस किलोमीटरमागे पाचेक बिबटे निघाले. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. विष्ठेचे नमुने तपासले तेव्हा खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, ३९ टक्के. शेळ्यांचा ११. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या, तरीही. आणि अख्खा तालुका म्हणतो, वाघ शेळीवर जगतो. शेळी गेली की पंचनामा होतो, भरपाईचा अर्ज होतो, चार दिवस चर्चा होते. कुत्रं गेलं तर कुणी विचारत नाही.

लोकांची मात्र एक बाजू आहे, ती मी लपवणार नाही. ‘सोडले’ या शब्दाच्या मुळाशी काहीतरी खरोखर घडलेलं आहे. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात वस्तीजवळचे बिबटे पिंजऱ्यात धरून लांबच्या जंगलात नेऊन सोडले गेले. असे २९ बिबटे, सरासरी चाळीस किलोमीटर लांब. त्या वेळी सगळ्यांचं एकमत होतं आणि त्यात अधिकारी, पुढारी, वर्तमानपत्रं, गावकरी सगळे होते. मीही होते. वाघ जंगलातला आहे, वाट चुकून आला आहे, त्याला घरी पोचवा. ऐकायला इतकं सरळ की कुणाला पुरावा मागावासा वाटला नाही. नंतर आकडे मांडले गेले. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत होते. वाघ धरून सोडण्याच्या त्या काळात ही सरासरी सतरावर गेली, आणि ज्या जंगलांत सोडले त्यांच्या आसपास हल्ले वाढले. धरलेलं, घाबरलेलं, अनोळखी मुलखात टाकलेलं जनावर माणसाच्या आणखी जवळ आलं होतं. मोकळ्या झालेल्या जागेत दुसरं येऊन बसलं होतं.

२००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेला एक बिबट्या काढून, गळ्यात जीपीएस पट्टा घालून आपल्या माळशेज घाटात सोडला होता. त्याचं नाव आजोबा. तो तिथे थांबला नाही. महामार्ग, रेल्वे, खाडी ओलांडत सव्वाशेच्या आसपास किलोमीटर चालत मुंबईच्या बाजूला पोचला. २०११ मध्ये महामार्गावर गाडीखाली मेला. त्याच्यावर २०१४ साली मराठी चित्रपट निघाला तो अनेकांनी पाहिला असेल. आजोबाला कुठे राहायचं होतं, हे त्याला सोडणाऱ्यांतल्या कुणाच्याही एकमताने ठरलं नाही.

इथे मला लोक अडवतात. म्हणजे तुमच्या शास्त्रज्ञांचं एकमत तेवढं खरं, आणि आमचं खोटं? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की शास्त्रज्ञांचंही एकमत मी मोजत नाही. २००१ साली जाणकारांचंही एकमत होतं आणि ते चुकलं होतं. ते बदललं ते हात वर करून नव्हे, हल्ल्यांची नोंदवही उघडून बदललं. कॅमेऱ्यातले ठिपके तुम्ही मोजा, मी मोजते, वाघाचा द्वेष करणाऱ्याने मोजावेत, आकडा तोच येईल. पकडलेल्या बिबट्याच्या शेपटीजवळ चिप असेल तर यंत्र लावून तिचा नंबर वाचता येतो आणि नोंदीवरून तो कुठे धरला होता ते कळतं. शंका असेल त्याने वाचायला मागावं. एवढं सगळं झाल्यावर लोकांचं एकमत झालं तर मला त्यात आनंद आहे.

माझ्या त्राग्याला दुसरं निमित्त खोडदच्या तबकड्यांचं. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, चौदा खोडदच्या आसपास आणि बाकीच्या लांबवर पसरलेल्या. पाऊस लांबला की मला एसटीत कुणीतरी सांगतंच, की या तबकड्या ढग पळवतात. त्या तबकड्या काही सोडतच नाहीत, आभाळातून येणाऱ्या अतिशय क्षीण रेडिओ लहरी फक्त ऐकतात. आसपास गोंगाट कमी म्हणून तर त्या इथे बांधल्या. आपल्या पूर्वेला बेल्हे, आण्याचं पठार कायम कोरडं, कारण सह्याद्रीच्या उतरणीला ढग माळशेजलाच रिते होऊन येतात. आणि १९७२ चा दुष्काळ? तेव्हा खोडदला एकही तबकडी नव्हती. त्या वर्षी आमच्या आजीने सुकडी खाऊन दिवस काढले. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तिथे प्रदर्शन असतं आणि आत जाता येतं. मी तीन वर्षं मुलांना घेऊन गेले. एसटीत बोलणाऱ्यांपैकी कुणी तिथे कधी भेटलं नाही.

एकमत मोडता येतं, हे आपल्याच शिवनेरीने दाखवलं आहे. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे १६२७ साली झाला, असं बखरींच्या आधारे पिढ्यान्‌पिढ्या मानलं गेलं. पुस्तकांत तसं छापलं गेलं, पोरांनी तसं पाठ केलं. मग भोरजवळच्या कारीच्या जेध्यांच्या दप्तरातली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्धीला आणली. त्यात फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ होतं. परमानंदाच्या शिवभारतातही तेच निघालं. वर्षानुवर्षं वाद झाले आणि शेवटी शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख धरली. सुट्टी कधी द्यायची हे शासन ठरवू शकतं, गडावर कधी जायचं हे आपण ठरवू शकतो. पण जिजाऊंच्या कुशीत बाळ आलं तो दिवस एकच होता. सगळा महाराष्ट्र १६२७ म्हणत होता तेव्हाही तो तोच होता. एका जुन्या कागदाने पिढ्यांचं एकमत बदललं आणि त्याने महाराजांचं काही कमी झालं नाही.

मला कुणी श्रद्धेची वैरीण म्हणू नये. आळ्याला ज्ञानेश्वर माउलींच्या रेड्याची समाधी आहे, मी दरवर्षी तिथे जाते. ती कथा आपण सगळे सांगतो, पण तिच्यात एकमत कुणाकडे होतं ते विसरतो. पैठणची सगळी सभा एका बाजूला होती. माउली आणि त्यांची भावंडं, ही चार मुलं बाटलेली आहेत, यावर तिथे दुमत नव्हतं. दुसरीकडे ती चार मुलं आणि एक जनावर. त्या सभेत किती विद्वान बसले होते, हे आज आळ्यात कुणी विचारत नाही. ओतूरला तुकोबांच्या गुरूंची, बाबाजी चैतन्यांची समाधी आहे. खऱ्या-खोट्याचा निवाडा करताना आपण बहुमताची साक्ष घेतली नाही, असं तुकोबांनी स्वतः सांगून ठेवलं आहे. आपण वारी करतो आणि गिरणीत येऊन बहुमताची साक्ष काढतो.

या सगळ्याला मी छोटी कटकट म्हणून सोडून दिलं असतं. गिरणीतलं बोलणं गिरणीत राहिलं असतं तर सोडलंही असतं. पण २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्याच वनविभागातल्या, शिरूरच्या पिंपरखेड भागात थोड्या दिवसांच्या अंतराने माणसं गेली, त्यांत लहान मुलं होती. लोक रस्त्यावर उतरले, ते बरोबरच होतं. त्या दिवसांत मलाही रात्री झोप लागली नाही. ज्या घरातलं मूल गेलं तिथे जाऊन मी आकडे सांगणार नाही. पण बाकीच्यांना सांगेन, कारण आपण ‘बाहेरून आणले’ म्हणतो त्या दिवसापासून आपलं काम संपतं. आणले त्यांनी, नेतीलही त्यांनीच. मग गोठ्याला जाळी लागत नाही. मग कोंबड्यांची घाण ओढ्याला पडते, तिथे कुत्री जमतात, कुत्र्यांमागे वाघ येतो. अंगणात दिवा नसतो, आणि संध्याकाळी पोर एकटं परसात जातं. इथे वाघ जन्मतो, इथेच वाढतो, उद्याही असणार आहे, हे एकदा कबूल केलं की या प्रत्येक गोष्टीला आपण बांधलेले आहोत.

पिंजराही तसाच. हल्ला करणारं जनावर धरलंच पाहिजे, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण पिंजऱ्यात करडाच्या वासाने येईल तो वाघ अडकतो, ज्याने हल्ला केला तोच अडकेल असं नाही. दहा गावांनी दहा ठराव केले तरी पिंजऱ्याला ठराव वाचता येत नाही.

जे खरोखर आपल्या ठरावाने बदलेल अशी एक गोष्ट आहे. आमच्याकडे शेतीची लाईट आठवड्यातले कित्येक दिवस रात्री येते. दारं धरायला माणूस रात्री दोन वाजता उसाच्या कडेला जातो, खांद्यावर फावडं, हातात बॅटरी, आणि सरी फोडायला वाकतो. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. ही लाईट दिवसा देणं माणसांच्या हातात आहे, ती मागितली आणि मागत राहिलं तर मिळते.

पुढच्या ग्रामसभेला मी येणार आहे. गोठ्याच्या जाळ्या आणि ओढ्याकडेची घाण हे विषय मी मांडीनच. पण पहिला ठराव शेतीच्या दिवसाच्या विजेचा लिहा, आणि त्यावर अख्ख्या गावाच्या सह्या घ्या. एकही घर सोडू नका.